चाकाखालच्या पाचरी

पाण्याकाठची जमीन कधी सपाट नसते. ती पाण्याकडे उतरत जाते आणि तिच्यावर उभी केलेली गाडीही नाक खाली घालून उभी राहते. चौतीस वर्षं मी बांधकामांवर सुपरवायझर होते. फरशी बोटभर तिरकी दिसली तरी माझं डोकं फिरतं. तिथे तिरक्या पलंगावर मी झोपणार? नाव नको.

आमचे हे सुतार. सुतारकाम थांबवल्यावर त्यांनी एका बेकरीची जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, कपाटं असा सगळा संसार बसवला. पानगळ सुरू झाली, लोकांच्या सुट्ट्या संपल्या, की आम्ही निघायचो. जिथे पाणी आहे आणि माणूस नाही अशी जागा शोधायची, एवढाच कार्यक्रम. गाडीचं तोंड पाण्याकडे ठेवायचं. पलंगाची डोक्याची बाजू मागच्या दाराशी होती.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी एक नवं खूळ काढलं. गाडी उतारावर तशीच राहू दे, म्हणायचे. "डोकं वर असलं की पडल्या पडल्या पाणी दिसतं."

"पाणी बघायला डोळे लागतात, उतार नाही," असं म्हणून मी पुढच्या चाकांखाली दगड सारायचे. मागच्या पानगळीत त्यांनी स्वतःच मला दोन पाचरी करून दिल्या. जुन्या दाराच्या लाकडाच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मला वाटलं, हरले एकदाचे. गाडी पाचरींवर चढवली, पलंगावर पाणसळ ठेवून पाहिली. तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आला.

त्या खेपेला सकाळी जाग आली की हे ड्रायव्हरच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेले असायचे. "पाणी बघत बसलो होतो," म्हणायचे. मला रागच यायचा. एवढ्या लांब यायचं ते काय एकानं पलंगावर आणि एकानं स्टिअरिंगपाशी झोपायला? तोंडावर बोलूनही दाखवलं मी. ते नुसते हसले.

हिवाळ्यात ते गेले. रात्री धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं आटोपलंही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "झोपताना किती उशा घ्यायचे?" मी म्हटलं, "एक." त्यांनी कागदावर लिहून घेतलं. आत माझा माणूस मरणाच्या दारात आणि डॉक्टरांना उशांची पडलीय, अशी मी मनातल्या मनात चिडले होते.

यंदा वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. म्हणाल्या, "वहिनी, दादाची गाडी एकदा तरी बाहेर काढू. मग खुशाल विक." त्यांचा आवाज रडवेला होता, म्हणून हो म्हटलं.

पहिल्या तळ्यावर कुणाचा तरी जनरेटर धडधडत होता. दुसऱ्याच्या फाटकाला कुलूप. तिसरं सापडलं ते ह्यांना आवडलं असतं. काळं, स्थिर पाणी, काठावर पालथ्या घातलेल्या होड्या आणि सगळीकडे ओली पानं. आमच्याशिवाय तिथे एक राखणदार होता. तो म्हणाला, "उद्या मी नळ बंद करून घरी जाणार. पुढे तुमचं तुम्ही." मला ती जागा बघूनच भरून आलं. मी गाडीचं मागचं दार उघडून पाचरी काढल्या.

"असू दे ना गं तिरकी," वन्सं म्हणाल्या.

"भावाची बहीण शोभता खरी! त्यांचं खूळ त्यांच्याबरोबर गेलं." बोलले आणि जीभ चावली. वन्सं बादली उचलून नळाकडे गेल्या. अर्धीच बादली, पण परत येताना तीनदा थांबल्या. "पानं बघ कशी पिवळी झालीत," प्रत्येक वेळी म्हणाल्या.

"पोस्टात बसून बसून गुडघ्यांना गंज चढलाय तुमच्या," मी म्हटलं. त्याही नुसत्या हसल्या.

सकाळी सहाला जाग आली. शेजारची जागा गार होती. वन्सं ड्रायव्हरच्या सीटवर होत्या. अंगावर ह्यांचीच शाल, मान छातीवर कललेली.

"काय झालं, वन्सं?"

"कुठे काय? पाणी बघत बसले होते."

मी काचेतून बाहेर पाहिलं. धुकं इतकं दाट होतं की गाडीपुढची दोन पावलंही दिसत नव्हती.

"कुठलं पाणी?"

त्यांचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा ऐकू येत होता. मोजे काढून बाजूला ठेवलेले. पावलं सुजलेली आणि घोट्यावर मोज्याचा खोल वळ. तो वळ मी ह्यांच्या पायांवर रोज पाहत होते आणि घट्ट मोजे घालता म्हणून त्यांनाच बोलत होते. मागच्या वर्षीही सकाळी असंच धुकं असायचं. रोज. चौतीस वर्षं भिंतींतली केसाएवढी फट शोधणारी मी, मला हे दिसलं नाही.

"पट्टा बांधा," मी म्हटलं.

"अगं, नळ बंद व्हायच्या आत पाणी भरून घेऊ. दोन दिवस राहू ना."

"एक अक्षर बोलू नका."

मी गाडी पाचरींवरून मागे घेतली आणि निघाले. पाचरी तिथेच राहिल्या.

जवळच्या गावातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वन्संची छाती तपासली, पावलावर बोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "झोपताना किती उशा लागतात?"

"एक," वन्सं म्हणाल्या.

"साफ खोटं. रात्रभर बसून होत्या." मग मला राहवेना. "पण बाई, हे उशांचं तुम्ही डॉक्टर लोक का विचारता?"

"हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी साठतं. सपाट झोपलं की जीव गुदमरतो. डोकं उंच असलं की जरा बरं वाटतं, म्हणून माणसं उशा वाढवत जातात. शेवटी बसूनच झोपतात. वेळेवर आणलंत तुम्ही. औषधानं आराम पडेल. फक्त सपाट झोपवू नका."

त्या गेल्या. नर्सनं वन्संच्या खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, बरीच वर. मी ते पाहत उभी राहिले.

"ह्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"दोन वर्षं," वन्सं म्हणाल्या. "मला धाप लागायला लागली तेव्हा त्यानंच सांगितलं, मलाही असंच होतं म्हणून. म्हणाला, हिला कळू देऊ नकोस. दवाखान्यात नेऊन बसवेल आणि गाडी विकून टाकेल."

विकलीच असती. त्याच आठवड्यात.

"आणि मग पाचरी कशाला करून दिल्या मला?" माझा आवाज इतका चढला की नर्सनं दारातून डोकावलं. "स्वतःच्या हातानं?"

वन्संनी डोळे मिटून घेतले. "मीही तेच विचारलं होतं त्याला. म्हणाला, तिला तिरक्यात झोप लागत नाही."