चिंधीवर बांधलेला पट्टा

त्या दिवशी सकाळी इतकं दाट धुकं होतं की समोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसेना. दहाच्या सुमारास ऊन आलं आणि त्या उन्हात माझी पेटी उघडली. मी मनगटावरचा पट्टा. शाळा काही मी पाहिली नाही, मला नुसतं मोजता येतं. माझ्या पाठीला बारीक दिवे आहेत. त्यांचा उजेड कातडीत सोडायचा, परत किती येतो ते बघायचं आणि रक्तात प्राणवायू किती, झोप किती, याचा अंदाज सांगायचा. अंदाज बरं का.

माझे मालक वेताच्या खुर्च्या विणतात. बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटेच राहतात. लेकीनं मला आणून दिलं, म्हणजे तिला आपल्या घरून फोनवर त्यांची झोप दिसेल. मालकांनी मला तान्ह्या बाळासारखं जपलं. ते जपणंच नडलं.

तिसऱ्या सकाळी लेक चहाही न घेता धावत आली. रात्रीचा प्राणवायू एकोणऐंशी टक्के दिसत होता, हवा पंचाण्णवच्या आसपास.

"बाबा, पुरे झाल्या खुर्च्या. रविवारी सामान बांधा, माझ्याकडे चला."

"अगं, मला काही होत नाही."

"मग आकडा काय खोटं बोलतोय?"

मालक अर्ध्या विणलेल्या खुर्चीवरून हात फिरवत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आकडा माझा होता.

लेक त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून पाहिला, तर सत्त्याण्णव. मग म्हणाल्या, "आजोबा, रात्री पट्टा बांधता तसा बांधून दाखवा."

मालकांनी खिशातून सुती चिंधी काढली, मनगटाला दोन वेढे दिले आणि वर मला बांधलं. वेत ओरखडतो म्हणून जन्मभराची ती सवय. रात्री चिंधी कशाला, तर लेकीनं हौसेनं घेतलेली वस्तू घामानं खराब व्हायला नको.

बाई हसू दाबत म्हणाल्या, "याचे डोळे बांधलेत आणि मोजायला बसवलंत!"

मग त्यांनी सावकाश समजावलं. उघड्या कातडीवर, हाडाच्या जरा वर, सैल नाही की करकचून नाही. एका रात्रीच्या आकड्यानं घाबरायचं नाही, दोन आठवडे एकत्र बघायचे. लेकीनं रविवार तेवढा पुढे ढकलला.

चौदा रात्री मी जीव लावून मोजलं. बहुतेक वेळ पंचाण्णव, शहाण्णव. पण मालक उताणे झाले, घोरायला लागले, की मधूनमधून थोडी घसरण. बाईंनी तीही सोडली नाही, मोठ्या यंत्रावर रीतसर तपासणी करवली. झोपेत श्वास अडखळण्याचा दोष निघाला, पण किरकोळ. कुशीवर झोपा, म्हणाल्या, आणि वर्षानं पुन्हा दाखवा.

मालकांनी पाठीशी ठेवायला वेताचा लोड विणला, वर जुनी चादर गुंडाळली. आता उताणं व्हायची सोयच नाही. सकाळी उठतात ते शीळ घालतच. महिन्यानं लेक आली, माझे सगळे आकडे ओळीनं पाहिले आणि म्हणाली, "राहा इथंच." त्या दिवशी मालकांनी दोन खुर्च्या पुऱ्या केल्या.

माझी काच आता वेतानं ओरखडली आहे. तक्रार नाही. एवढंच मागणं, की माझा आकडा बघून धीर सोडण्याआधी मला बांधलंय कसं ते बघा.

काल भिंतीपलीकडची शिंपीणबाई दारात आली. लेक नेणार नाही हे कळून तिला बरं वाटलं होतं. तरी जांभई देत मालकांना म्हणाली, "काका, राहिलात ते छान झालं. पण तुमचं घोरणं थांबल्यापासून मला मेलीला झोप लागत नाही. दुपारी तरी थोडं घोरत जा."