राखेतली पावलं

हिर्डोशीच्या रत्नाची आणखी एक कोंबडी गेली, तशी तिचा दीर धनाजी ओढ्याकडं बोट करून बसला. तिथल्या थोरल्या वडाला दिवसभर वटवाघळं उलटी लोंबकळत असत.

"वैनी, ह्या वाघळांचंच काम. उद्या वडच आडवा करतो. कटरवाल्याला सांगून आलोय."

कोंबडी गेल्याचा राग रत्नालाही होता. पण त्या वडाखाली ती रोज धुणं धुवायची. वाघळं फळं चघळून रस गिळत आणि चोथा खाली थुंकत. त्या चोथ्यात तिला कधी एक पीस दिसलं नव्हतं.

"भाऊजी, सकाळपातूर दम धरा," ती म्हणाली. चुलीतली राख सुपात घेऊन तिनं खुराड्याभोवती पातळ पसरली.

उजाडताच धनाजी कटरवाल्याला घेऊन हजर. मागं शेजारपाजार. रत्नानं सगळ्यांना खुराड्यापाशी नेलं. राखेत पावलं उमटली होती, पाच-पाच बोटांची.

"मांजराची असतील," धनाजी म्हणाला.

"मांजराची चारच बोटं उमटत्यात. आन् वाघळाला तर जमिनीवर धड चालता येत न्हाई. ही बया चालत आलीया."

राख पायाला लागून पुढं गेली होती. पुसट ठसे अंगणातल्या फरशीवरून थेट धनाजीच्याच गोठ्यात शिरले होते. दाराशी करवंदाच्या बियांनी भरलेली लेंडी पडली होती आणि शेजारी लाल पिसं.

धनाजी शिडी चढला. माळ्यावरच्या पेंढ्यात त्यानं काठी खुपसली मात्र, लांब शेपटीचं काळपट उदमांजर उसळलं, त्याच्या खांद्यावर पाय देऊन खाली आलं आणि करवंदीच्या जाळीत पसार झालं. धनाजी पेंढ्यात उताणा! कटरवाला हसून हसून खालीच बसला.

"माज्याच गोठ्यात व्हय गं!" धनाजी ओरडला.

"फळं दोघंबी खात्यात, भाऊजी," रत्ना म्हणाली. "पर कोंबडीला तोंड लावणारं हे एकच. चोर तुमच्या माळ्यावर, आन् फाशी वडाला व्हय?"

कटर आला तसा परत गेला. धनाजीनं गोठ्याच्या दाराखालचं भगदाड बुजवलं आणि खुराड्याला स्वतःच्या हातानं जाळी ठोकली. त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही. आणि पाली-पासली ह्या गावांकडचे पाहुणे आले, की धनाजीच छाती काढून सांगायचा,

"आमच्या वैनीनं वड वाचवला!"