अठ्ठाविसावं दार

मास्तरीणबाईंच्या पुस्तकात त्या संध्याकाळबद्दल दोनच वाक्यं होती. 'गारा पडत होत्या. सगळ्या गावात एकच दार उघडलं.' कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. आणि विचारावं तर बाई जाऊन दोन वर्षं झालेली.

त्या पुस्तकावर सिनेमा काढायला मंडळी गावात उतरली, आणि आठवड्याच्या आत गावातली सत्तावीस दारं उघडली. म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वी उघडलेली, आज आठवलेली.

गाव तसं मुलखाचं माणूसघाणं. तिथली कुत्रीसुद्धा परक्यावर भुंकायची तसदी घेत नसत, नुसती पाठ फिरवून बसत. अशा गावात ही वीस-बावीस वर्षांची पोर शिकवायला आली आणि वर्गातली बाकं रिकामी का, म्हणून विचारत सुटली. लाकूडगिरणीत बारा वर्षांची पोरं करवतीवर उभी करतात, हे तिनं सरकारी तपासनिसाला सांगितलं. गिरणी महिनाभर बंद पडली. घरमालकानं तिची ट्रंक रस्त्यावर ठेवली आणि त्या गारांत तिनं एकूण एक दार वाजवलं.

आता पाववाला शपथेवर सांगत होता की दार त्याच्या आजीनं उघडलं. आजी त्याआधी तीन वर्षं मातीआड झालेली. पण कुणी कुणाचा दावा खोडत नव्हतं. आपलाही खोडला गेला तर?

सुतार तेवढा गप्प होता. सिनेमावाल्यांनी दार बनवायला त्यालाच बोलावलं होतं, कारण गावातली निम्मी दारं त्याच्या हातची. आणि ते एक दारही.

उघडलं होतं ते त्याच्या बायकोनं. बाईंनी आधाराला चौकट धरली, पाऊल आत टाकणार, तोच दारामागून सुतारानं सगळा भार देऊन दार लोटलं. जाड फळीचं, चौकटीत चपखल बसणारं दार. मध्ये उजव्या हाताची तीन बोटं सापडली. बाई ओरडल्या नाहीत. त्याला दार पुन्हा किलकिलं करावं लागलं, बोटं सुटावीत म्हणून. मग त्यानं ते नीट लावून घेतलं.

तेव्हापासून बायको दार लावत नसे. तो लावी, ती उठून उघडे. एकोणतीस वर्षं संसार त्या कडीवर चालला होता.

दार बनवायचं काम घेऊन तो घरी आला, त्या दिवशी ती म्हणाली, "अख्खं गाव उघडल्याचं सांगतंय. लावल्याचं सांगणारा एक तरी निघेल की नाही? मी डोळे मिटायच्या आत सांगा."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. नटी फळ्यावर डाव्या हातानं अक्षरं गिरवत होती.

"बाई डावखुऱ्या होत्या ना," दिग्दर्शक म्हणाला. नाकावर चष्मा, अंगात दोन स्वेटर, वयानं सुताराच्या मुलासारखा. "त्यांची सगळी हस्तलिखितं डाव्या हाताची आहेत."

"नव्हत्या डावखुऱ्या," सुतार म्हणाला. "फळ्यावर उजव्यानंच लिहायच्या. तो हात मी दारात चिरडला. दार आमचं होतं. बायकोनं उघडलं, मी लावलं."

भोवती सत्तावीस घरांतली माणसं घोळक्यानं उभी होती. पाववाला हसला.

"घ्या, अठ्ठाविसावा आला."

"आणि आमच्यापेक्षा वरचढ," दुकानदार म्हणाला. "आम्ही नुसतं दार उघडलं. यानं रक्तसुद्धा काढलं. काय म्हातारबुवा, तुम्हालाच दाखवायचं का पडद्यावर?"

घोळका खदखदला. दिग्दर्शकानं मात्र अदबीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, कल्पना जबरदस्त आहे. पण पुस्तकात तसं नाही. आणि लोकांनी घरी जाताना काहीतरी बरं घेऊन जावं, नाही का?"

सुतार तडक घरी गेला. बिजागऱ्या सोडवल्या, दार पाठीवर घेतलं आणि दम खात खात शाळेच्या अंगणात आणून उभं केलं. काठावर नखाएवढा काळा डाग होता. तीनदा रंधा मारूनही गेला नव्हता.

"बघा," तो म्हणाला.

दिग्दर्शकानं बोट फिरवून पाहिलं. त्याचे डोळे चमकले. "जुनं लाकूड ते जुनं लाकूड. नवं कशाला बनवता, हेच घेऊ." आणि रंगाऱ्याकडे वळून म्हणाला, "हा डाग तेवढा झाक."

संध्याकाळी चित्रण झालं. वरून खोट्या गारा पडल्या. दार अलगद उघडलं, जराही करकरलं नाही, आणि नटी आत गेली. पाववाल्यानं डोळे पुसले. दुकानदारानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

सुतार घरी आला तेव्हा मोकळ्या चौकटीतून वारा सरळ चुलीपर्यंत पोचत होता. बायको घोंगडी पांघरून बसली होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं. हसले."

"मग उद्या परत सांगा."

"बरं. आणि नवं दार बसवतो दोन दिवसांत."

"नको," ती म्हणाली आणि उठून तिनं त्याचं ताट वाढलं. उंबऱ्याला लागून, जिथं वारा सगळ्यात जास्त होता तिथं.