साडेअकरापर्यंत बंद

“मामा, हे काय? बाक उलटं का टाकलंय?”

कंत्राटदार दारातच थबकले होते. रविवारी सकाळी सव्वानऊला या सलूनमध्ये एरवी पाय ठेवायला जागा नसे. आज मामा एकटेच खुर्चीमागे झाडू घेऊन उभे होते आणि गिऱ्हाइकांचे लांबलचक बाक भिंतीशी पाय वर करून पडले होते.

“साडेअकरापर्यंत बंद,” मामा म्हणाले. “चर्चला जायचंय.”

“तुम्ही?” कंत्राटदारांना हसू आवरेना. “आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!”

त्यांचे हसणे रास्तच होते. दुकानाला मामांच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता : बाकावर टेकलेल्या माणसाला परत पाठवायचे नाही. हा नियम अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होता, त्यामुळे रविवारी बाक कधी रिकामेच होत नसे. महिन्यापूर्वी मामांनी पहिल्यांदा नऊला दुकान बंद करायचे ठरवले, तेव्हा बाकावर चौघे होते. चौघे उरकेपर्यंत आणखी तिघे येऊन टेकले. पुढच्या रविवारी एकाने ‘फक्त मिशी’ म्हणून गळ घातली आणि मिशीवरून दाढीवर, दाढीवरून डोक्यावर आला. तिसऱ्या रविवारी मामांनी दारावर पाटी लावली. लोकांनी ती वाचली, अक्षर छान आहे म्हणाले आणि आत येऊन बसले. अखेर काल झाडू मारताना मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. नियम बसलेल्या माणसाचा आहे ना? मग बसायलाच काही ठेवले नाही तर?

हा सगळा आटापिटा सुरू झाला तो मामींच्या एका वाक्यावरून. त्या चर्चमधून आल्या आणि भाजी निवडता निवडता हसत म्हणाल्या, “अहो, नव्या पाळकांनी आज मला काय विचारावं? तुमचे मालक जाऊन किती वर्षं झाली?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, रोज सकाळी आठला जातात, संध्याकाळी आठला परत येतात.”

मामा पोट धरधरून हसले. पण दुसऱ्या दिवशी एकाच्या गालाला साबण लावताना ते वाक्य आठवले आणि ब्रश हातात तसाच राहिला. चौदा वर्षे त्यांनी रविवारची उपासना पाहिली नव्हती. देवावर विश्वास नव्हता असे मुळीच नाही. आरशाच्या वर लाकडी क्रूस होता. रोज कात्री उचलण्याआधी मामा त्याच्यासमोर डोळे मिटत, पण कान दाराकडे असत. चपला वाजल्या की घाईघाईने ‘आमेन’! देवाच्या वाट्याला त्यांनी कायम उरलासुरला वेळ ठेवला होता, आणि तो कधी उरतच नसे. पाळकांचे काही चुकले नाही, असे मामांना वाटू लागले. चर्चच्या हिशेबी आपण गेलेलोच आहोत, हा विचार त्यांच्या जिवाला लागला.

कंत्राटदारांनी एकदा उलट्या बाकाकडे पाहिले, एकदा मामांकडे, आणि सरळ आत येऊन खुर्चीवरच ठाण मांडले.

“बाकाचं ठीक आहे,” ते आरशातून डोळे मिचकावत म्हणाले. “खुर्चीबद्दल वडील काही बोलले होते का?”

मामांची पंचाईत झाली. खुर्चीबद्दल वडील काहीच बोलले नव्हते.

“बाराला घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचाय. दहा मिनिटांचं तर काम आहे, मामा. देव काय पळून जातोय?”

सवयीने हात पुढे झाले. कपडा कंत्राटदारांच्या गळ्याभोवती बांधूनही झाला. या माणसामागे त्यांच्या कामावरची वीस-पंचवीस माणसे या दुकानात येत, आणि रस्त्यापलीकडे नुकतेच काचेच्या दारांचे थंडगार सलून उघडले होते. मामांनी कात्री उचलली. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. कात्री हवेत तशीच राहिली. आज कापले तर पुढच्या रविवारीही कापू, आणि त्याच्या पुढच्याही, हे मामांना लख्ख कळले. त्यांनी कात्री ठेवली, गाठ सोडली आणि कपडा झटकला.

“उठा.”

“काय?”

“उठा म्हटलं. साडेअकराला या, पहिला नंबर तुमचा.”

“मी समोर जाईन हं. माझी माणसंही नेईन.”

“जा की. चांगला कापतो तो. फक्त मागच्या भोवऱ्याकडे बघायला सांगा, तिथले तुमचे केस उभे राहतात.”

कंत्राटदार तोंड पाडून गेले. कुलूप लावताना मामांनी एकदा समोरच्या काचेच्या दारांकडे पाहिले. पण कोपरा वळले तसे त्यांना एकदम हलके वाटले आणि ते जवळजवळ पळतच सुटले.

चर्चच्या दारात पाळकांनी हात पुढे केला. “आपण?”

“तिसऱ्या रांगेत बसल्यात ना, त्यांचा मालक,” मामा धापा टाकत म्हणाले. “अजून आहे.”

पाळकांचे कान लाल झाले. मामींनी मात्र पटकन सरकून जागा दिली आणि पदर सावरला.

पहिली दहा मिनिटे मामांना नुसत्या माना दिसल्या. पुढच्या गृहस्थाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला नखभर लांब होता, आणि ते काम मामांचेच होते, गुरुवारचे. देवापुढे बसले की माणसाला आपल्या चुका दिसतात म्हणतात, पण त्या इतक्या लवकर दिसतील असे त्यांना वाटले नव्हते. मग लहानपणी पाठ केलेली प्रार्थना सुरू झाली. मामांनी डोळे मिटले. कान दाराकडे गेले नाहीत. शब्द आपसूक ओठांवर आले, सगळेच्या सगळे, आणि मामांना रडू फुटले. आनंदच झाला होता त्यांना, दुसरे काही नाही.

शेवटच्या गाण्याला मामी उठल्या आणि रांगेतून बाहेर निघाल्या.

“अगं, कुठे चाललीस?” मामा कुजबुजले.

मागच्या आजी पुढे वाकल्या. “गाणं त्याच धरतात की. तुम्हाला ठाऊक नाही?”

“कधीपासून?”

“झाली असतील दहा वर्षं.”

मामी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या. घरात त्यांनी कधी साधे गुणगुणलेलेही मामांना आठवत नव्हते. आवाज उंच होता, ठाम होता. अख्खी मंडळी त्याच्यामागे निघाली. आपल्याच घरातला हा आवाज सगळ्या गावाने ऐकलाय, एक आपण सोडून! मामांना हळहळ वाटली, आणि छातीत मावेना इतका अभिमानही.

शेजारच्याने गाण्यांचे पुस्तक पुढे केले, पण चष्मा दुकानात राहिला होता. मग मामींच्या ओठांकडे बघत, प्रत्येक शब्द त्यांच्यामागून उचलत, मामा भसाड्या आवाजात गाऊ लागले. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे वळून पाहू लागले. मामांनी आवाज खाली आणला नाही.