कातडीची टिचबटणं

मोहाडीच्या ज्युनिअर कॉलेजात तृप्ती अकरावीला जीवशास्त्र शिकवायची. अभिस्तर ऊतीचा, म्हणजे कातडीसारख्या अस्तराचा, धडा तर तिच्या हातखंड्याचा. पेशीला पेशी खेटून उभी, मधे फट नाही. काही सांधे असे घट्ट, की पाणी झिरपत नाही. डेस्मोसोम म्हणजे टिचबटणं, ओढलं तरी सुटत नाहीत. तिसरे सांधे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतात. पोरं कान देऊन ऐकायची. घरात मात्र तिला कुत्रं विचारत नव्हतं.

सासूच्या, मंगलाबाईंच्या, आधी तोंडात फोड आले, मग छातीपाठीवर. सासरे वासुदेवरावांनी निकाल दिला, माता आली. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली, औषधाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. महिना उलटूनही फोड वाळेनात, तेव्हा तृप्ती सासऱ्यांशी बोलली.

"बाबा, माता एवढे दिवस राहत नाई. कातडीची टिचबटणं सुटून राहिली जी. आईचंच रक्त त्या बटणायले खाऊन राहिलं. नागपूरले नेऊ, गोळ्यांनी आटोक्यात येते."

"मातेले गोळ्या चालत नाई. कोप होते. तुझा धडा शाळेत ठेव."

नवरा निकेश बी.एस्सी. झालेला. तो मिठाची गुळणी धरून बसला. तृप्तीने स्वतः फोन करून अँब्युलन्स बोलावली, तर सासऱ्यांनी ती दारातूनच परत धाडली.

एकदा सासूला कुशीवर वळवताना बांगडी सरकली आणि तिच्यासोबत मनगटाची सालही सरकली. मंगलाबाई कुजबुजल्या, "तू म्हणतेस तेच असंन पोरी. पण माह्यापायी घरात भांडण नको करू." तृप्तीला त्यांचाही संताप आला. मरतानाही या बाईला घराची अब्रू सांभाळायची होती!

ताप चढला, मंगलाबाई माणसं ओळखेनात, तेव्हा कुठे सगळ्यांची पाचावर धारण बसली आणि नागपूर गाठलं.

"अंगभर जंतू पसरलेत," डॉक्टर उखडले. "इतके दिवस काय करत होता? घरात शिकलेलं कोणी नाही?"

वासुदेवरावांनी सुनेकडे बोट केलं. "हाये ना जी. हे मॅडम हाये. पोराईले हेच शिकवते."

आता निकेशला कंठ फुटला. "हो ना. तिनं थोडं जोर लावून सांगायले पाहिजे होतं."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं तृप्तीला वाटलं. पण आत मंगलाबाई कण्हत होत्या, त्यांचा हात धरायला कोणीतरी हवं होतं. ती गेली. त्या हातावर धरण्याजोगी जागाच उरली नव्हती.