शनिवारचं लोखंड

भुजंगरावांचा घोटा मोडला तो देवाच्याच कामात. गावच्या सप्त्याचा मंडप ताणून झाल्यावर त्यांनी ट्रॉलीवरून उडी मारली, पाय वाकडा पडला आणि घोटा असा वाजला की पखवाजवाल्यानेही मान वळवावी. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी लावून स्क्रू आवळले. गावाच्या भाषेत ‘राड टाकला’. आत पट्टी असो, स्क्रू असो की तार, गाव एकदा राड म्हणालं की राडच.

भुजंगरावांना पायाचं दुःख नव्हतं, कीर्तनं बुडाल्याचं होतं. बुडाली ती बुडाली, पण शेवटच्या सकाळचं शिवहार महाराजांचं काल्याचं कीर्तन चुकलं, महाराजांच्या पुढ्यात बसून ते ऐकता आलं नाही, हंडी फुटल्यावर काला तळहातावर पडला नाही, तर पुढं वर्षभर टाळ कोणत्या तोंडाने हातात घ्यायचे? आणि नेमकी त्याच सकाळी दवाखान्यातून सुट्टी मिळाली.

“डॉक्टर काय म्हणले, ध्यानात हाय ना?” जीपमध्ये सोमेश्वरने बापाला बजावलं. “पाय उशीवर, उशी खाटेवर, खाट घरात. कीर्तन भोंग्यावर आयका.”

“भोंग्यावरचं कीर्तन म्हंजी फोटोतली पुरणपोळी, लेका.”

पण पाय मोडलेल्या माणसाचं पोटचं पोरगंही ऐकत नाही. जीप थेट घरासमोर थांबली. दारात पंचफुलाबाई, भुजंगरावांची आई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळता ओवाळता त्यांचा हात थबकला.

“आज वार कोणता रे?”

“शनिवार,” सोमेश्वर म्हणाला.

“मंग लोखंड कुठं घरात आणून राहिला?”

“आजी, ते पायाच्या आत हाय!”

“पायात असो का पिशवीत. शनिवारी या उंबऱ्यातून लोखंड आलं न्हाई आजवर.”

“आन् माही मोटरसायकल रोज येती ती?”

“ती जुनी हाय. हे नवं हाय.”

शेजारच्या द्वारकाबाईंनी लगेच साक्ष दिली. “व्हय माय. आमच्या भाच्यानं शनिवारी पत्रे आणले तर म्हैस आटली. पत्रे तर बाहेरच होते, तरी आटली.”

सोमेश्वरने कपाळावर हात मारला. भुजंगराव मात्र गप्प होते. दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्यांना सांगितलं होतं की पट्टी टायटॅनियमची आहे, लोखंडाची नाही. एवढं एक वाक्य बोलले असते तर दार उघडलं असतं. पण तेवढ्यात मंडपातून पखवाजावर थाप पडली आणि भुजंगरावांची जीभ टाळूला चिकटली. खोटं बोलणं पाप, हे त्यांनी शंभर कीर्तनांत ऐकलं होतं. गप्प बसण्याविषयी कोण्या बुवाने काही सांगितल्याचं त्यांना काही केल्या आठवेना.

“आईचा शब्द मोडू न्हाई,” ते अगदी गरिबासारखे म्हणाले. “मला आपलं मंडपात नेऊन टाका. उद्या येतो घरी.”

मंडपात त्यांची खाट सगळ्यात पुढं लागली. पायाखाली लोड आला, गळ्यात हार आला. आल्या-गेल्याने प्लास्टरला हात लावून नमस्कार केला, त्यात दोघा-तिघांनी दाबूनही पाहिलं. भुजंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं समजून आणखी चौघं पाया पडली.

शिवहार महाराज उभे राहिले. समोर खाट पाहून त्यांनी चौकशी केली, कुणीतरी शनिवारची सगळी हकीकत सांगितली, आणि महाराजांना दृष्टांत मिळाला.

“शनिवारी लोखंड घरात येत न्हाई म्हणता? मंग शनिवारी शेतातून आलेला इळा बाहेर झोपवता का? अन् बायांनो, साडीला लावलेली पिन? ती उंबऱ्याशी काढून ठेवता का?”

मंडप हसून हसून लोळला. सगळ्यात मोठ्याने भुजंगराव हसले. महाराज आपल्याच खाटेखाली सुरुंग लावत आहेत, हे त्यांच्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

बायकांतून पंचफुलाबाई पदर सावरत उठल्या. “महाराज, म्हंजी दोष न्हाई?”

“काहीच दोष न्हाई, माय.”

पंचफुलाबाईंसाठी प्रश्न मिटला. आजवर त्यांनी कोण्या महाराजांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. “मंग उचला रे खाट! डाक्टरनं घरात झोपवा म्हणलंय.”

“आये, काला तर होऊ दे!” भुजंगराव ओरडले. पण चार टाळकऱ्यांनी पालखीच्या उत्साहाने खाट खांद्यावर घेतली होती आणि खुद्द महाराजांनीच विठ्ठलनामाचा गजर सुरू केला होता. वर बांधलेली हंडी भुजंगरावांच्या नाकासमोरून मागे गेली.

“महाराज, लोखंडच हाय हो! नवं कोरं! दोष हाय, बराबर दोष हाय!”

आयुष्यातलं पहिलं सरळ खोटं त्यांनी भर कीर्तनात, खड्या आवाजात सांगितलं. गजर दुप्पट झाला.

“पाय लई ठणकून राहिला वाटते,” खाटेबरोबर चालताना पंचफुलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “लेकरू बरळून राहिलं. लौकर पाय उचला रे.”