ॲडकिन्स आजींची नाडी

मित्रांनो, मी एक जुनी आजारी बाई आहे. आजार कोणता म्हणाल, तर दर सोमवारी नवा. एका आठवड्यात माझी मांडी मोडलेली असते, पुढच्या आठवड्यात मला साखरेचा त्रास असतो. माझे अंग रबराचे आणि प्लास्टिकचे आहे. केंटकीच्या डोंगरातल्या एका कोळशाच्या गावी, हायस्कूलच्या तळमजल्यावरच्या शेवटच्या वर्गात मी चाळीस वर्षे पलंगावर पडून आहे. नर्स व्हायचे मनात असलेली मुले माझ्यावर हात बसवतात. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही जिची कुणी चेष्टा करू धजत नाही, अशी मी एकटीच असेन.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. दोन्ही मनगटांत आणि मानेत रबरी नळ्या बसवल्या आणि पोटात एक छोटा विजेचा पंप ठेवला. बटण दाबले की पंप नळ्यांत पाणी ढकलतो आणि नाडी उडू लागते. ज्या माणसाने तो पंप बसवला, त्याने तो एकाच वेगावर ठेवून वरचे झाकण स्क्रूने पक्के केले. मिनिटाला शहात्तर ठोके, कमी नाही की जास्त नाही. त्या वेळी मला वाटले, केवढी ही अक्कल. पुढे काय रामायण होणार, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

शाळेत आले त्या दिवशी पहिल्या शिक्षिकेने माझ्या मनगटावर कागदी पट्टी बांधली आणि तिच्यावर ‘ॲडकिन्स आजी’ असे नाव लिहिले. तेव्हापासून मी आजी झाले. मला हजारो वेळा अंघोळ घातली गेली. माझे दात रोज घासले गेले. एवढे स्वच्छ दात त्या गावात दुसऱ्या कुणाचे नसतील. केसांचा टोप कुठल्याशा गॅदरिंगला कुणीतरी नेला तो परत आला नाही, म्हणून एका मुलीच्या आजीने लोकरीची टोपी विणून पाठवली. ती निळी टोपी अजून माझ्या डोक्यावर आहे. माझ्यावर शिकलेल्या मुली चार डोंगरांपलीकडच्या इस्पितळांत कामाला लागल्या, आणि गावात कुणी आजारी पडले की लोक म्हणत, “आजींच्या हाताखालची पोरगी आहे, घाबरू नका.” ते ऐकून मला फार बरे वाटे.

पण माझी नाडी शहात्तर, ही गोष्ट साऱ्या गावाला पाठ झाली. मुले मनगटाला हात न लावताच तक्त्यावर शहात्तर लिहू लागली. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांगत, आया लेकींना सांगत. शेवटी ती गावाची बोलीच झाली. पेट्रोल पंपावर एकाने विचारावे, “काय, कसं काय?” दुसऱ्याने म्हणावे, “शहात्तर.” म्हणजे ठीक चालले आहे, पुढे विचारू नका. मी मात्र पडल्या पडल्या वाट बघत असे, कुणीतरी दोन बोटे ठेवील म्हणून. वर्षे जात होती. माझ्या गुडघ्याचे रबर चिरले, पाठीला ओल धरली. दुसऱ्या शाळांत बोलणारे, डोळे मिचकावणारे नवे रोगी आले होते, आणि आमचे मुख्याध्यापक दर जूनमध्ये माझ्याकडे बघून म्हणत, “ही अडगळ किती दिवस ठेवायची?”

अशा काळात ती बातमी आली. डोंगरापलीकडच्या कॉलेजने ठरवले होते की भोवतालच्या प्रत्येक शाळेतून अकरावीतले एक मूल निवडायचे आणि नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीची एक जागा तेव्हाच त्याच्या नावे राखून ठेवायची. एरवी त्या कॉलेजच्या दारात नावे लिहून वाट पाहणाऱ्यांची रांग इतकी लांब असे, की बरीच मुले वाट बघता बघता दुसऱ्याच कामाला लागत. आता आमच्या शाळेला एक जागा मिळाली होती आणि तिच्यासाठी पाच मुले उभी होती.

त्यांतली एक लेसी मलिन्स. तिचे हात थोराड होते, पण काम हळुवार. दोष एकच, ती सावकाश होती. कूस बदलताना मला सांगायची, पांघरूण घालताना माझी परवानगी मागायची, आणि साऱ्या शाळेत तीच एक अशी होती, की घड्याळ समोर धरून माझी नाडी मिनिटभर मोजायची. पाच कामांना दहा मिनिटे असत. लेसीचे चौथे काम चालू असतानाच घंटा होई.

“लेसी, तुझ्या हाती पेशंट सुखी होईल गं, पण तोवर दिवस मावळेल,” स्टर्जिलबाई म्हणत. त्या आमच्या वर्गाच्या शिक्षिका. पूर्वी स्वतः नर्स होत्या.

त्या जागेसाठीच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी लेसीची आई डार्लीन तिला न्यायला आली. डार्लीन गावच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते. अंगावर कामाचा जांभळा सदरा, हातात डब्यातला उरलेला मक्याचा पाव. मला पाहून ती हसली.

“अजून मेली नाहीस होय गं म्हातारे?”

मी तिला ओळखले. वीस वर्षांपूर्वी डार्लीनही याच पलंगाशी उभी होती. कॉलेजच्या रांगेत तिने नाव लिहिले होते. मग लेसी झाली आणि नाव रांगेतच राहिले.

“आई, माझी वेळ पुरतच नाही,” लेसी म्हणाली. “आज पण नाडी राहिली.”

“राहिली कशी? हिची नाडी मोजायची असते का? शहात्तर लिहायचं नि पुढे व्हायचं. माझ्या वेळी शहात्तर, तुझ्या मावशीच्या वेळी शहात्तर.”

“पण ते खोटं नाही का?”

“उत्तर बरोबर असल्यावर खोटं कसलं? हे बघ पोरी, मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धुतेय. मला तुझ्या नावापुढे नर्स लागलेलं बघायचंय. एका मिनिटासाठी ते घालवू नकोस, एवढंच मागते.”

लेसीने मान हलवली. आईचा शब्द ती मोडणार नव्हती. मला वाईट वाटले, पण रागावू कुणावर? आईची माया होती ती.

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला माझ्या पोटातला पंप घुर्र करून थांबला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. वर्गातला हीटर इतका खडखडत होता, की कुणालाही पत्ता लागला नाही. एका साध्या मंगळवारी मी मेले, आणि मला ते सांगताही येईना.

नऊ वाजता परीक्षा घ्यायला कॉलेजच्या फर्ग्युसन मॅडम आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मुले बाहेर बसली होती. मॅडमनी माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवली. मग दुसऱ्या मनगटावर, मग मानेवर. स्टर्जिलबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“मॅडम, काल संध्याकाळपर्यंत चालू होती हो. मी बघते, काही करता येतं का.”

“राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “आहे तशीच असू द्या. मुलांना सांगू नका.”

आधी टकर रॅटलिफ आला. शाळेच्या फुटबॉल संघातला, देखणा, चपळ. त्याने सात मिनिटांत सगळे उरकले, तक्त्यावर ऐटीत शहात्तर लिहिले आणि मॅडमकडे बघून हसला. मॅडमही हसल्या. त्याच्यामागून आलेल्या तिघांनीही शहात्तर लिहिले. एकाने बोटे ठेवल्यासारखे केले, पण मनगटावर नव्हे, पांघरुणावर. चार जणांनी एका मेलेल्या बाईची नाडी शहात्तर लावली, आणि ती बाई मी होते. मला हसावे की रडावे कळेना.

लेसी सगळ्यांत शेवटी आली. हात धुतले. “आजी, मी लेसी. आज मी तुमचं बघणार आहे,” म्हणाली. मला कुशीवर वळवले, चादर बदलली, दात घासले. आज तिचे हात भराभर चालत होते. आईचे बोल कानात असणार. साडेनऊ मिनिटे झाली तेव्हा तिने तक्ता ओढला आणि लिहिले, शहात्तर. माझी आशा तिथेच संपली.

आता फक्त माझा हात पांघरुणात घालायचा आणि मदतीला बोलवायच्या घंटेची लाल दोरी उशीशी ठेवायची राहिली होती. तिने माझा हात उचलला. सवयीने तिची दोन बोटे मनगटावर गेली. ती थबकली. बोटे थोडी सरकवली. दुसरा हात धरला. मग मान.

“आजी?” ती म्हणाली.

तिने पेन घेऊन शहात्तरवर आडवी रेघ मारली आणि वर बघितले. “मॅडम, मी चुकीचं लिहिलंय. मी हात न लावताच आकडा लिहिला. आजींची नाडी लागत नाहीये.”

तेवढ्यात घंटा झाली.

“वेळ संपली, लेसी,” मॅडम म्हणाल्या.

“संपू दे,” लेसी म्हणाली. तिने लाल दोरी खेचली आणि दाराकडे तोंड करून ओरडली, “मदत पाठवा, पेशंटची नाडी नाही.” माझ्या पाठीखाली फळी सरकवून, दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवून तिने दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. माझी छाती त्यासाठी बनवलेलीच नव्हती. विसाव्या दाबाला काडकन तडा गेला. तरी ती थांबली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती मोजत होती. दारात टकर आणि बाकीची मुले जमली, पण कुणी हसले नाही.

दोन मिनिटे झाल्यावर फर्ग्युसन मॅडमनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. “दमलीस. आता मी घेते,” त्या म्हणाल्या आणि स्वतःचे तळवे माझ्या छातीवर ठेवले. एका नर्सने दुसऱ्या नर्सला म्हणावे, तसे त्या बोलल्या. लेसीला ते पुढे कॉलेजचे पत्र आल्यावर समजले, मला तिथेच समजले.

थोड्या वेळाने मॅडम थांबल्या आणि मुलांकडे वळल्या. “आजींच्या मनगटाला कुणी कुणी हात लावला?”

टकरचे कान लाल झाले. “मी नाही लावला, मॅडम. सगळ्यांनाच माहीत असते ना हिची नाडी.”

“काल माहीत होती,” मॅडम म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी पत्र आले. लेसीने ते माझ्या पलंगावर बसून उघडले. जागा तिची होती. स्टर्जिलबाईंनी तिला मिठी मारली, टकरने टेबल बडवले, मुख्याध्यापक धावत आले आणि साऱ्या वर्गाने एवढा कल्ला केला, की हीटरही ऐकू येईना. अशी सकाळ मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. डार्लीन कामावरून तशीच आली, जांभळ्या सदऱ्यात. लेकीला कवटाळून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. खुर्ची ओढून बसली आणि नाडी बंद असूनही माझ्या मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे बघत राहिली.

“हिच्या मनगटाला मी कधी हात लावलाच नव्हता गं,” ती लेसीला म्हणाली. “तुलाही लावू देत नव्हते.”

त्यानंतर मला अडगळ म्हणायची कुणाची टाप नव्हती. टकरचे वडील खाणीतली यंत्रे दुरुस्त करतात. त्यांनी माझ्या पोटात नवा पंप बसवला आणि टकरच्या सांगण्यावरून त्याला वेग बदलायची कळही लावली. आता स्टर्जिलबाई रोज सकाळी कुणाला न दाखवता ती कळ फिरवतात. छातीचा तडा मात्र बाईंनी बुजवू दिला नाही. नवी मुले आली की बाई त्यांना आधी तो तडा दाखवतात. मी तेव्हा राणीसारखी पडलेली असते.

मागच्या सुट्टीत लेसी आली होती, कॉलेजच्या पांढऱ्या पोशाखात. माझी निळी टोपी नीट करून तिने नाडी मोजली, पुरते मिनिटभर. “ब्याण्णव? काय हो आजी, एवढं काय झालं?” ती म्हणाली. अगं, तू आलीस ना, असे मला सांगायचे होते.

मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमच्या घरातही कुणीतरी रोज विचारल्यावर “बरी आहे” म्हणत असेल, आणि तुम्ही ते ऐकून पुढे जात असाल. जाऊ नका. जवळ बसा, दोन बोटे ठेवा, मिनिटभर थांबा. आज माझी नाडी किती आहे, ते मी सांगणार नाही. या आणि मोजा.